न कळणाऱ्या भाषेतली भुतं

सुधाताई भुताचे सिनेमे रविवारी दुपारी पाहत. एप्रिलमधली अकोल्याची दुपार, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, खिडक्या सताड उघड्या, पंखा गरम हवा फेकतोय, आणि या बाई जमिनीवर मांडी घालून, पुढ्यात मुरमुऱ्यांची परात घेऊन, पडद्यावरच्या मढ्याकडे टक लावून बसलेल्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा विचारलं, रात्री का नाही पाहत? त्यांनी माझ्याकडे न बघताच उत्तर दिलं, "रात्री तं कोणीबी भिते. उन्हात भेवाडलं तं ते खरं भूत."

आम्ही एकाच कॉलेजात होतो. त्या ग्रंथपाल, मी अमरावतीहून नव्याने रुजू झालेली मराठीची प्राध्यापिका. कॉलेजात त्या कमी बोलायच्या. पुस्तक उशिरा आणणाऱ्या पोरांवर नुसती नजर टाकायच्या, पोरं आपोआप माफी मागायची. या बाईंना भुताटकीचं एवढं वेड असेल असं कुणाला वाटलं नसतं. लग्न केलं नव्हतं. आई लवकर गेली तेव्हा धाकटी बहीण रेखा पाळण्यातून नुकती उतरली होती. तिला यांनीच वाढवलं, शिकवलं, आणि तेल्हाऱ्याकडच्या एका गावात, काळ्या कसदार जमिनीच्या घरात, स्थळ स्वतः पारखून दिली.

हिंदी भूतपट त्यांना चालत नसत. "गाणं लागलं की भूतबी नाचायले लागते," म्हणायच्या. जुन्या शहरात खलीलभाईंचं सीडीचं दुकान होतं. मोर्णा नदीचा पूल ओलांडून त्या दर शनिवारी तिकडे जायच्या. खलीलभाई मुंबईहून कुठल्या कुठल्या देशांच्या सीड्या आणायचे. त्यांवर नाव नसे, खाली इंग्रजी अक्षरं उमटत नसत, कोणती भाषा तेही कळत नसे. "बाई, ये कौनसे मुल्क की है मुझे भी नहीं मालूम," ते एकदा माझ्यासमोर म्हणाले, "लेकिन मेरी बीवी ने देखी और दो दिन से न्हाणीघर में अकेली नहीं जा रही." सुधाताईंनी ती लगेच पिशवीत टाकली.

भाषा कळत नसली की त्या पात्रांचं बोलणं स्वतः वऱ्हाडीत म्हणायच्या. कुठल्याशा समुद्राकाठच्या गावातली एक सून होती. स्वयंपाकघरात कुणी नसताना तिला भांडी घासल्याचा आवाज यायचा. ती सासूला सांगायला धावली की सुधाताई सुरू, "आत्याबाई, आतमंदी कोनतरी हाये वो." मग लगेच सासूच्या आवाजात, "काई नाई माय, तुले झोप पायजे." मी हसून लोळायचे. भुताचा हात दारातून आत येऊ लागला की त्या नेमक्या तिथेच सिनेमा थांबवून चहा ठेवायला उठत. "राहू दे त्याले जरासा उभा. कावून घाई करून राहिली?" तो हात पडद्यावर तसाच थिजलेला आणि स्वयंपाकघरातून आल्याचा वास.

हसण्याच्या मधूनच त्या एखादं वाक्य बोलून जायच्या. एकदा म्हणाल्या, "कोनत्याबी देशाचं भूत पाह्य. भूत मागून येते. पयले घरातले लोक बहिरे होतात. बाई सांगून राहिली असते अन् कोणी ऐकूनच नाई राहिलं." मला ते इतकं पटलं की मी ते वर्गातही सांगितलं, त्यांचं नाव न घेता.

ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. कापसाचं काय झालं ते पेपरात रोज येत होतं, आणि त्याच पानावर कुणी काय प्यालं तेही येत होतं. रेखाचा नवरा एका सकाळी वावरातून परतला नाही. मी सुधाताईंबरोबर तेराव्याला गेले होते. अंगणात गाड्या उभ्या होत्या. पेपरवाले, साहेब, पुढारी, जो येईल तो रेखाला समोर बसवून विचारत होता, त्या दिवशी काय झालं? घरातून निघताना काय बोलले? ती सांगत होती. दुसरा आला की पहिल्यापासून पुन्हा सांगत होती. तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, सगळ्यांना चहा देत होता. मोठा अदबीचा माणूस. "आमची सून आमाले जड नाई," तो सुधाताईंना म्हणाला. सुधाताईंना बरं वाटलं. गाडीत त्या मला म्हणाल्या, "माणसं चांगली हायेत. राहीन ती."

पुढे काही महिन्यांनी, रविवारीच, सिनेमा चालू असताना फोन आला. रेखा तेल्हाऱ्याला बाजाराला आली होती, बूथवरून बोलत होती. मला इकडची बाजूच ऐकू येत होती. "पावलं? कशी पावलं?... दरवाज्यापाशी थांबतात?... कडी वाजते?... तू उठून पाह्यलं का?" सुधाताई फोनची तार बोटाभोवती गुंडाळत होत्या आणि त्यांचे डोळे चमकत होते, सिनेमा पाहताना चमकत तसे. मग त्यांचा आवाज मऊ झाला. "भेऊ नको रेखे. त्याचा जीव अडकला असन घरात. तुहाच माणूस व्हता तो, तुले काई करनार नाई."

फोन ठेवून त्यांनी मला सगळं सांगितलं. घाबरल्या होत्या, पण त्या घाबरण्यात एक चव होती. इतकी वर्षं जे पडद्यावर पाहिलं ते आपल्या घरात आलं होतं. पुढच्या प्रत्येक फोनला त्या बारीक बारीक विचारत. पावसाच्या दिवशी येतो का? कुत्री भुंकतात का? खलीलभाईंनाही त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या ओळखीच्या एका बुजुर्गांकडून तावीज आणवला. भासरा काही कामानं अकोल्याला आला होता, त्याच्याच हाती तो रेखासाठी पाठवला. "सुनेले एकटं झोपू देऊ नका," असंही त्याला बजावलं. तो म्हणाला, "तुमी काळजी नका करू."

दिवाळीनंतरच्या एका रविवारी दार वाजलं. रेखा उभी होती, हातात एक पिशवी. एसटी स्टँडवरून पायी आली होती. सुधाताईंनी तिला पोटाशी धरलं, पाणी दिलं, आणि टीव्ही बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. पडद्यावर एक बाई कपाटाला पाठ लावून बसली होती. रेखा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली.

"ही काय म्हणून राहिली?" तिनं विचारलं.

"कोणास ठाऊक. आपल्याले थोडीच येते ते भाषा."

"ताई, भूत नोतं."

"काय नोतं?"

"घरात. भूत नोतं. भासरे व्हते."

सुधाताईंनी रिकामा पेला तिच्या हातातून घेतला. मग म्हणाल्या, "तू तं पावलं म्हणली."

"मंग काय म्हणू? बूथवर मागं त्याहीच्या गावचे मानसं उभे राहत. मले वाटलं तुले समजन. तू यवढे पिच्चर पाहाते." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मंग तू त्याच्याच हाती तावीज पाठवला. तो मले द्यायले आला तवा हसून राहिला व्हता. कडी तं त्यानं पयलेच काढून टाकली व्हती."

दुसऱ्याच दिवशी सुधाताई गावाला गेल्या. मला बरोबर नेलं. भासऱ्यानं खाट टाकली, पाणी आणवलं. शेजारची चार माणसंही येऊन बसली. सुधाताईंनी त्याला सगळ्यांदेखत विचारलं. तो चिडला नाही. त्यानं माणसांकडे पाहिलं आणि सावकाश म्हणाला, "बाई, सुनेच्या डोस्क्यावर परिनाम झाला हे साऱ्या गावाले माहीत हाये. तिले भूत दिसते. तुमीच तं सांगतलं. तुमीच तावीज पाठवला, माह्या हातानं." एका म्हाताऱ्यानं मान हलवली. "हो, तावीज तं आला व्हता." बोलण्यात कधी हार न जाणारी बाई खाटेवरून उठली आणि चालू लागली. परतीच्या एसटीत त्या पूर्ण वेळ खिडकीचा गज धरून बसल्या होत्या.

पोलिसात जाऊ म्हणून त्यांनी रेखाच्या मागे लकडा लावला. रेखा एकदाच म्हणाली, "तो कसा मेला हे मी साऱ्याहीले सांगतलं. किती डाव सांगतलं. साऱ्याहीनं लिहून नेलं. आता हे बी सांगू? नाई सांगत." ती सांगणार नाही म्हटल्यावर पुढे काही झालं नाही. जमीन भासऱ्याकडेच राहिली. तो पुढे गावच्या निवडणुकीला उभा राहिला आणि निवडूनही आला. रेखानं अमरावतीत मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम धरलं. "इथंच राह्य," सुधाताई म्हणत होत्या. तिनं ऐकलं नाही.

मला वाटलं, सुधाताई आता सिनेमे सोडतील. सोडले नाहीत. पण आवाज काढणं बंद झालं. मधेच थांबवून म्हणायच्या, "ही खरंच काय म्हणून राहिली असन?" एकदा त्यांनी खलीलभाईंना विचारलं, ही भाषा येणारं कुणी अकोल्यात आहे का. त्यांनी कानावर हात ठेवले. कॉलेजच्या इंग्रजीच्या सरांनाही त्यांनी सीडी आणून दाखवली. सर हसले. पुढे पुढे मला त्या खोलीत बसवेना. पडद्यावरच्या बाईच्या ओठांकडे त्या ज्या तऱ्हेनं बघत, ते बघणं सिनेमापेक्षा वाईट होतं.

निवृत्तीनंतर त्यांना पोटाचा कॅन्सर निघाला. शेवटचे आठवडे अमरावतीच्या दवाखान्यात गेले. मी सुट्टीत माहेरी आले होते, म्हणून रोज जात असे. वॉर्डाबाहेरच्या बाकावर रोज दुपारी रेखा बसलेली दिसे, मांडीवर डबा. वसतिगृहातलं जेवण उरकून ती येई. डबा नर्सच्या हाती आत देई आणि बसून राही.

"आत नाही जात?" मी विचारलं.

"जात व्हती पयले," ती म्हणाली. "पण गेली की ते माहा हात धरते अन् म्हणते, रेखे, सांग, सारं सांग, आता मी ऐकतो. रोज तेच. मॅडम, मले आता काईच सांगायचं नाई. मी भाजी करतो, डबा आणतो. तेवढं मले जमते."

मी आत गेले. डब्यात पातळ मुगाची खिचडी होती, वर तुपाची धार. सुधाताईंनी दोन घास खाल्ले. आवाज अगदी खोल गेला होता.

"बाहीर बसली हाये?"

"हो."

मीच डबा झाकत पुढे विचारलं, "बोलावू?"

त्यांनी दाराकडे पाहिलं.

"नको," मग म्हणाल्या. "आली की मी पुन्हा विचारीन. मले राहवत नाई. बसू दे तिले बाहीर."