सिलेपाटवाले मामा

शकू, अशी जवळ ये, म्हणजे हा कागद जरा जवळ धर. सहा महिन्यांनी पत्र टाकलंस, तेही कामापुरतं. म्हणे, "आजी, मामा ठेकेदारांविषयी चार ओळी लिहून पाठव, लेखात घालायच्या आहेत." माणूस म्हणजे काय तार आहे, चार ओळींत मावायला? आणि वर तूच लिहून मोकळी झालीस, 'थोर पुढारी'. तो शब्द आधी खोड, मग पुढचं वाच.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. भोरात राहायचे आणि रेल्वेला सिलेपाट पुरवायचे. रुळांखाली आडवी घालतात ना, ती ऐनाची जाड लाकडं. कोटाच्या खिशात कायम एक छोटा हातोडा. लाकडाच्या एका टोकाला कान लावायचा, दुसऱ्या टोकाला ठोकायचं. भरीव वाजलं तर त्यावर डांबरानं अक्षर काढायचं, पोकळ वाजलं तर बाजूला. उत्रोलीला, माझ्या माहेरी, आमच्या खळ्याशेजारी त्यांच्या गाड्या उतरायच्या. शाळा मी पाहिली नाही, त्या डांबराच्या अक्षरांवर बोट फिरवून वाचायला शिकले. "ठोकल्याबिगर घ्यायचं न्हाई," हे त्यांचं पालुपद. कलिंगड ठोकायचे, घागर ठोकायचे. माझं स्थळ बघायला मार्गासनीला गेले तर दाराची चौकट ठोकून आले आणि आईला म्हणाले, "घर भरीव हाय, दे पोरगी."

अशी मी मार्गासनीत आले, आणि मग कळलं ती लाकडं डोंगरातून खाली येतात कशी. माणसांच्या खांद्यावरून. कचेरीतून पाटलाकडे हुकूम यायचा, घरटी एक माणूस. त्याला वेठ म्हणत. मजुरी नाही, भाकरीसुद्धा घरची. माझे सासरे, तात्या, संध्याकाळी खांद्याला तेल लावून घेताना म्हणायचे, "सूनबाई, तुझ्या मामाची आगगाडी आमच्या मानेवरनं जाती बघ." मी हसण्यावारी न्यायची. हुकूम सरकारचा, मामांच्या हातात काय आहे, असं सगळ्या गावाला वाटायचं. मामाही तसंच सांगायचे.

मग एका वर्षी मामा संस्थानच्या कौन्सिलला उभे राहिले. वेठ बंद करतो, म्हणत गावोगाव हिंडू लागले. दिवाळी नुकतीच झालेली, भात कापणीला आलेलं, आणि हुकूम आला की उद्या सकाळपासून चार दिवस माणसं डोंगरावर पाहिजेत. चार दिवसांत उभ्या भाताचे दाणे मातीत गेले असते. त्याच दिवशी मामांची गावात सभा. जेवायला आमच्याकडे. मी त्यांच्या कोटाची धूळ झटकली, तर घडी घातलेला एक कागद खाली पडला.

मी तो अक्षर अक्षर लावून वाचला. कचेरीला केलेल्या अर्जाची नक्कल होती. सिलेपाट मुदतीत स्टेशनावर गेले नाहीत तर ठेका जाईल, सबब मार्गासनीची माणसं लावून द्यावीत. खाली सही. डांबरातल्या अक्षरांचं वळण मी विसरणार होते होय?

वाढताना हळूच विचारलं, "मामा, ही सही तुमचीच ना?"

त्यांचा घास हातातच राहिला. "तुला वाचता येतंय?"

"तुमच्याच सिलेपाटांवर शिकले."

"कुनाला बोललीस?"

"न्हाई अजून."

"मग बोलू नगंस, बाय. एकदा निवडून येऊ दे, समदं बंद करतो."

"भात तवर थांबंल का, मामा?"

ते अर्धं ताट सोडून उठले. कागद त्यांनी मागितला नाही, मीही दिला नाही. कमरेला खोचून देवळापुढच्या सभेत मागच्या भिंतीशी बायकांत जाऊन उभी राहिले. तोंड उघडलं तर आईच्या भावाची अब्रू जाणार, मिटलं तर ज्या घरचं खाते त्या घरचं भात.

मामा बोलत होते, रयत, हक्क, काय काय. मधेच तात्या उठले. मी त्यांना कागदाचं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी बंडी काढली आणि खांद्यावरचा घट्टा सगळ्यांना दाखवला. "पावणं, तुमी ठोकल्याबिगर लाकूड घेत न्हाई. मग आमी मत तसंच द्यावं व्हय? आना तो हातोडा हिकडं."

लोक हसले. मामांनी खरंच हातोडा दिला. तात्यांनी तो पारावर ठेवला नि विचारलं, "उद्याची वेठ कुणी लावली?"

मामांची नजर लोकांवरून फिरत भिंतीशी आली. माझा हात कमरेला गेला होता. मी कागद काढला असता का, हे मला आजही सांगता येत नाही.

"म्या," मामा म्हणाले. "अर्ज माझा हाय. उद्या कुनी जाऊ नका. पाटील, ठेकेदारानं अर्ज मागं घेतला म्हनून कळवा."

"आन इतकी वर्सं?" मागून कुणीतरी विचारलं.

"ती बी म्याच."

एक म्हातारा पचकन थुंकला. तात्यांनी हातोडा परत दिला. "आत्ता भरीव वाजला. मताचं मातर मागनं बघू."

ठेका गेला. सिलेपाट डोंगरावरच वाळवीनं खाल्ले. निवडणुकीतही मामा पडले. आमच्या गावानं मत दिलं नाही आणि त्यांनी त्याचा राग धरला नाही. दुसऱ्या खेपेला निवडून आले. कौन्सिलात वेठीवर बोलायला उठले की सुरुवात ठरलेली, "हे मी स्वतः केलेलं आहे, म्हणून सांगतो." बाकीचे खाली बघायचे. वेठ काही एका भाषणानं गेली नाही, पण दर बैठकीला ते उठायचे, आणि दर वेळी तेच वाक्य.

वाळवीतून वाचलेला एक सिलेपाट त्यांनी गाडीतून आणून आमच्या दारात टाकला, बसायला. तात्या वर्षभर त्याच्यावर टेकले नाहीत. मामा शेवटचे आले तेव्हा त्यांना फारसं ऐकू येत नव्हतं. लाकूड ठोकून मला म्हणाले, "सांग, कसं वाजतंय?"

"भरीव, मामा."

"नीट ऐक. नात्यानं सांगू नगंस."

त्याच थंडीत ते गेले.

तर शकू, पुढारी होते की कसे, ते तूच येऊन ठरव. लाकूड अजून दारात आहे, त्या खेपेला ते ठेवून गेले तो हातोडा माझ्या ट्रंकेत. माझ्या कानांचाही आता भरवसा नाही, म्हणून भात कापायच्या आत ये.