पात कोणती, पान कोणतं

नाशिकला माझी बदली झाली तेव्हा लग्नाला चार वर्षं होऊन गेली होती, पण बायकोशी माझं बोलणं असं फारसं झालेलं नव्हतं. सटाण्याच्या घरात वडीलधारी माणसं पुष्कळ. दिवसा तिच्याशी बोलायचं तर काही निमित्त लागे, आणि निमित्त शोधण्यात माझी हुशारी चालत नसे. एकोणीसशे पस्तीस-छत्तीसच्या सुमाराला मी कचेरीत कारकून म्हणून नाशिकला आलो, पंचवटीच्या बाजूला एका वाड्यात दोन खोल्या भाड्याने घेतल्या, आणि पहिल्यांदाच आम्ही दोघं दोघंच राहू लागलो. खोल्यांच्या मागे थोडी मोकळी जागा होती. येताना मोटारीत तिच्या मांडीवर ओल्या फडक्याचं एक गाठोडं होतं. मी ते खाण्याचं समजलो होतो. त्यात रोपं निघाली. ती तिने मागे लावली.

पहिल्याच आठवड्यात एका सकाळी तिने माझ्यापुढे कपात फिकट, हिरवट असं काहीतरी आणून ठेवलं. मी वास घेतला आणि कप बाजूला सारला. त्या दिवसांत चहा कंपन्यांची माणसं गल्लीबोळांतून फिरून लोकांना फुकट चहा पाजत, आणि कचेरीतले माझे सोबती पुडीच्या चहाबद्दल मोठ्या जाणकारीने बोलत. मी म्हणालो, "हे गावाकडचं नको. आपल्याकडे पुडीचा चहा होत जाईल." तिने कप उचलून नेला. तो पुन्हा कधी पुढे आला नाही, आणि मीही ते विसरून गेलो.

पुढच्या वर्षीच्या थंडीत तिचा घसा धरला. आधी खोकला, मग आवाज घोगरा, आणि एका सकाळी तोंड उघडलं तर नुसती हवा. मी तिला टांग्यातून वैद्यांकडे नेलं. वैद्य म्हातारे होते. त्यांनी घसा पाहिला, नाडी पाहिली आणि मला म्हणाले, "चार दिवस चकार शब्द बोलायचा नाही. कुजबुजसुद्धा नाही. औषधापेक्षा परसातला पाल्याचा चहा पाजा. गवती चहा, पुदिना, आल्याचा तुकडा, तुळशीची पाच पानं आणि अडुळशाचं एक. आहे ना परसात?"

मी बायकोकडे पाहिलं. तिने मान डोलावली.

"आहे," मी म्हणालो, "पण मला त्यातलं काही ओळखता येत नाही."

"त्यांना येतं ना? त्यांना विचारा."

"तुम्ही तिला बोलायला बंदी केलीत."

"हो की," वैद्य म्हणाले आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

घरी आल्यावर मी तिला अंथरुणावर बसवलं, दुलई दिली आणि म्हणालो, "तू उठायचं नाहीस. आज मी करतो." तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते काय होतं, हे मला तेव्हाही कळलं नाही. भीती असावी. मी चूल पेटवायला गेलो तर नीट पेटेना, म्हणून कोळशाची शेगडी काढली. घरमालकांची मंडळी लग्नाला गेली होती, त्यामुळे विचारायला वाड्यात कोणी नव्हतं.

निदान तुळस तर मला ठाऊक होती. दारातल्या वृंदावनातली मूठभर पानं ओरबाडून मी तिच्यापुढे धरली. तिने जोरजोराने मान हलवली आणि दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला.

"कान दुखतोय?"

पुन्हा मान. पुन्हा कानांना हात. मग माझ्या डोक्याकडे बोट, मग न्हाणीकडे.

मला वाटलं, कानात घालायला ती कोमट तेल मागते आहे. मी वाटीत तेल तापवून आणलं. तिने वाटीकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. आता डोकंही दुखू लागलं, असं मी समजलो. एक मात्र पक्कं ठरवलं, की ही तुळस नव्हे. जन्मभर मी ज्याला तुळस म्हणत आलो ते दुसरंच काही झाड असावं.

मागे गेलो. तिथे भिंतीला धरून गवतासारखे दोन ठोंब होते. एकाची पाती कापली, तिला नेऊन दाखवली. तिने ती हुंगली आणि नाही म्हटलं. मग हाताने मुळापासून काही उपटल्यासारखं केलं. म्हणजे मुळं हवीत, असं वाटून मी विळा घेऊन निघालो, तर तिने मागून माझं धोतर धरलं.

तेव्हा मला युक्ती सुचली. कचेरीचा कागद आणि पेन्सिल आणून मी तिच्या हातात दिली. "लिही. कोणतं कुठे आहे ते लिही."

तिने पेन्सिल हातात धरली, पण धरली ती लाटण्यासारखी. तिने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला लिहिता येत नाही हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत होतं असंही म्हणता यायचं नाही. मला कधी तो प्रश्नच पडला नव्हता. मी कागद परत घेतला.

तिनेच मग तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि फरशीवर एक पान काढलं. सुरेख काढलं होतं, कडेला बारीक दाते, मधे शिरा. पुदिना असणार. शेजारी एक लांब पान काढलं, टोकाशी निमुळतं. मी पाहून मागे धावलो आणि मागे पोचेपर्यंत विसरलो. परत आलो तर पहिलं पान वाळून गेलं होतं. तिने पुन्हा काढलं. मी पुन्हा गेलो. अशा तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या वेळी ती हसत होती. हसण्याचा आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग तिला खोकल्याची मोठी उबळ आली आणि मी घाबरून गेलो.

एवढ्यात गल्लीतून "कल्हईऽऽ" अशी आरोळी आली. आमच्या गल्लीत महिन्या-दोन महिन्यांनी एक म्हातारा मुसलमान कल्हईवाला येई. मूळचा मालेगावचा. सगळे त्याला चाचा म्हणत. तो दारात येऊन थबकला, कारण ओट्यावर मी पितळेचं पातेलं घेऊन उभा होतो आणि माझ्या धोतराला चिखल होता.

"भाऊसाहेब, आज तुम्ही? बाई कुठे?"

मी सगळं सांगितलं. त्याने आधी माझ्या हातातलं पातेलं घेतलं, आत बोट फिरवलं. "यात काय उकळणार?"

"पाल्याचा चहा. वर लिंबू पिळीन म्हणतो."

"अहो, कल्हई गेली याची. आंबट घातलंत तर कळकेल, बाई जास्त आजारी पडतील. दुसरं घ्या, ते लहान. त्याला मी मागच्या खेपेला कल्हई केली आहे." मग तो म्हणाला, "आणि लिंबू कशाला? बाई नाही घालत."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"का नाही? दर खेपेला पाजतात ना. भांडी झाली की माझा पेला पुढे करतो, त्या वरून ओततात. आधी पाणी खळखळ उकळू देतात, त्यात आलं. मग पातेलं खाली उतरवतात आणि मग पात, पाला, जरासा गूळ. वर झाकण. पात आगीवर ठेवत नाहीत. वास उडून जातो म्हणतात."

चाचा सांगत होता की दूधवालीला तोच चहा मिळतो, समोरच्या म्हाताऱ्या आजींना संध्याकाळी तोच लागतो. गल्लीतल्या निम्म्या लोकांना माझ्या घरच्या पाल्याच्या चहाची चव माहीत होती. मला नव्हती. राग यावा की लाज वाटावी, हे ठरेना. थोडा राग आला, पण तो कोणावर धरायचा ते कळेना.

चाचा बाहेरून फिरून मागच्या जागेपाशी आला. "ही पात हातात चोळा. आता वास घ्या. हा गवती चहा. तो शेजारचा वाळा आहे, त्याच्या मुळ्या उन्हाळ्यात माठात टाकतात. पाला काय कामाचा? हा पुदिना. ही भिंतीकडची तुळस, वापरायची. दारातली पूजेची, ती तुम्ही तोडलीत?"

"तोडली."

"आंघोळ करून?"

आंघोळ झालीच नव्हती. मग कानांच्या पाळ्या आणि न्हाणी यांचा अर्थ मला लागला.

"आणि हा अडुळसा. फार कडू," एवढं सांगून चाचा पुढच्या दाराला गेला.

मी आंघोळ केली. चाचाने सांगितलं तसं पाणी उकळलं, आलं ठेचून टाकलं, पातेलं खाली उतरवलं, पात हाताने तोडून टाकली. तिच्या कडेने बोट कापलं. पुदिना टाकला. मग तुळस आणि अडुळसा. वैद्यांनी एकाची पाच पानं सांगितली होती आणि दुसऱ्याचं एक. कोणत्याची पाच आणि कोणत्याचं एक? बराच वेळ विचार केला. अडुळसा औषधी, तेव्हा औषध जास्त हवं, असं म्हणून अडुळशाची पाच टाकली आणि तुळशीचं एक.

कप भरून तिच्यासमोर बसलो. तिने पहिला घोट घेतला. क्षणभर तिचे डोळे मिटले. मी विचारलं, "बरा झालाय?" तिने मान अशी हलवली की ते हो होतं की नाही ते समजेना. पण तिने सगळा घेतला, थेंबसुद्धा ठेवला नाही. संध्याकाळी मी तसाच केला, पुढचे दोन दिवसही दोनदा केला. आपल्याला हे साधलं असं मला वाटू लागलं. कचेरीत मी एकाला कृतीही सांगितली.

चौथ्या दिवशी सकाळी मी शेगडी पेटवत होतो. मागून आवाज आला, खरखरीत, पण आवाज. "आज एकच पान घाला."

मी वळलो. "काय?"

"अडुळशाचं. एकच." मग तिच्या तोंडून माहेरची बोली निघाली, नाशिकला आल्यापासून जी मी तिच्या तोंडी ऐकली नव्हती. "भलता कडू व्हता."

मी पातेल्यातलं कालचं उरलेलं बोटाने चाखलं. जीभ पार आत ओढली गेली. "हे तू तीन दिवस प्यायलीस? कप सारून द्यायचास!"

"तुम्ही समोर बसला होतात," ती म्हणाली.

हे धाकाने होतं की आणखी कशाने, हे मला विचारता आलं नाही. मी दुसरंच विचारलं. "सगळ्या गल्लीला पाजतेस. मला का नाही कधी?"

"तुम्ही नको म्हणाला होतात."

"एकदा म्हणालो."

"एकदाच सांगितलंत," ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. तिने मला शेगडीजवळून उठवलं आणि स्वतः बसली.

त्या दिवशी तिने केलेला चहा मी घेतला. तो मला आवडला की नाही हे लगेच सांगता येईना, पण दुसऱ्या दिवशी कचेरीतून येताना मला त्याची आठवण झाली. पुढे सकाळी पुडीचा आणि संध्याकाळी पाल्याचा, असा रिवाज पडला. रविवारी ती मला मागे नेई आणि एकेक पान हातात देऊन नाव विचारी. मी बहुतेक चुकत असे, आणि ती न बोलता मान हलवी.