तेराव्या ओळीची खुडणी

कालव्याच्या कडेनं निम्मी वाट सरली तरी मावशी काही बोलेना. भाचीनं दोनदा विचारलं, "पाय दुखतात का गं?" दोन्ही वेळा "पाय बरे आहेत" एवढंच उत्तर. म्हणजे दुखणं दुसरीकडे होतं.

मावशी खरबुजाच्या संशोधन केंद्रात सव्वीस वर्षं कामाला. सकाळी नरफूल तोडायचं, मादीफुलावर हलक्या हातानं टेकवायचं, वर कागदी पिशवी, देठाला चिठ्ठी. रोजची इतकी लग्नं लावते म्हणून तिथे तिला सगळे 'वरमाय' म्हणत.

पुलाशी आल्यावर ती थांबली. "तेराव्या ओळीतल्या वेलींत आमच्या संशोधक बाईंनी जनुक बदललं होतं. फळ मोठं व्हावं म्हणून."

"मग झाली ना मोठी? बाई खूश आहेत म्हणालीस."

"फळं झाली गं. पण हे जनुक बोललं की सगळ्या अंगानं बोलतं. फूल उमलायच्या आधीच त्याच्या बुडाचा कोवळा गोळा टपोरा दिसतो. पान थोराड, बी थोराड. तेराव्या ओळीत गोळा मुगाएवढा, पानं शेजारणींसारखीच. नुसतं फळ तेवढं फुगलं, म्हणजे जनुक बोललंच नाही."

"ते कसं काय?"

"मी कोवळी फळं खुडली." मावशीनं पदरानं तोंड पुसलं. "वेली अशक्त होत्या. एकेकीला पाच-पाच पिल्लं लटकलेली. आमच्या आईनं शिकवलेलं, हडकुळ्या वेलीला एकच ठेवावं. हात आपोआप गेला. पाचांचं जेवण एकाच्या पानात, मग फुगेल नाही तर काय? बाकीच्या ओळींना हात लावला नाही."

भाची म्हणाली, "पण कुणाला कळणार आहे, मावशी?" आणि म्हणता म्हणताच तिची मान खाली गेली.

"पुढच्या वर्षी कुणीतरी ते बी लावेल. फळ येईल मुठीएवढं. लोक बाईंना खोटं ठरवतील. परवा परिषदेत यावरच निबंध वाचणार आहेत त्या. चार वर्षं घातलीत बिचारीनं."

"आणि तुझी नोकरी?"

"राहील नाही तर जाईल. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. त्यांनी खुर्ची दिली, म्हणाल्या, ही फळं तुमच्या हातची. मी तशीच परत आले. सकाळी देवापुढे बसते, तर तिथेही मान वर होत नाही."

पाण्यावरून वारा आला. दोघी पुन्हा चालू लागल्या, जरा हळूच.

"तू शाळेत पत्रं लिहायला शिकवतेस ना? मला आज बाईंना द्यायला एक लिहून दे. कुठल्या वेलीची किती खुडली, सगळं पाठ आहे माझं. फक्त 'चुकून' लिहू नकोस. चुकून नव्हतं ते. त्या वेलींची मला दया आली, असंच लिही."