कालचंच चालू

राउंडला मला नेहमीच घाई असते. पेशंट बरा दिसला की फाइलवर मी लिहून टाकायचे, ‘कालचंच चालू’. आमच्यात सगळेच लिहितात. मी जरा ऐटीत लिहायचे.

राहात्याजवळच्या एका दवाखान्यात मी आयसीयू बघते. शिर्डीत फुलांचं दुकान चालवणारी एक बाई तिथे आली. लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता, किडन्या जवळजवळ बंद पडल्या होत्या. किडनी थांबली की औषध अंगात साठत जातं, म्हणून अँटिबायोटिकचा डोस मी निम्म्यावर आणला. तो निर्णय बरोबर होता. माझ्या बाजूने बोलणारं तेवढंच आहे.

तिची मुलगी बाहेरच्या बाकावर बसून असायची. लघवी सुरू झाली की आपण जिंकलो, असं मीच तिला सांगून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी लघवीची पिशवी भरू लागली. चौथ्या दिवशी सिस्टरला ती सारखी रिकामी करावी लागली. मुलीने दुकानातून गुलाब आणले, एक मलाही दिला. मी तो ॲप्रनला खोचला आणि फाइलवर लिहिलं, ‘कालचंच चालू’.

किडन्या जोरात चालू लागल्या होत्या आणि ते निम्मं औषधही लघवीवाटे भराभर बाहेर चाललं होतं. डोस त्याच दिवशी पूर्ण करायला हवा होता. हे मी ज्युनियरना फळ्यावर आकृती काढून शिकवते. पाचव्या दिवशी ताप चढला, रक्तदाब कोसळला, तेव्हा फाइल उलटताना माझंच अक्षर समोर आलं. डोस वाढवला. वरातीमागून घोडं. सातव्या दिवशी दुपारी ती गेली.

पूर्ण डोसने ती वाचलीच असती असं कुणी सांगू शकत नाही, असं सहकाऱ्यांनी समजावलं. मला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. आता मी रोज सकाळी प्रत्येकाचा डोस नव्याने लिहिते. त्याने तिला काय मिळणार?

कागदांवर सही करताना मुलीने विचारलं, “मॅडम, लघवी तर लई चांगली हुत हुती ना?”

“हो,” मी म्हणाले. “चांगली होत होती.”

“मग तुमी तरी काय करनार,” ती म्हणाली, आणि वाकून माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.