जमिनीलगतचा बर्फ

अमेरिकेतल्या पिस्कॅटवेला आमच्या शेजारी राहणारा नागपूरचा इंजिनीअर हळू बोलतो आणि बोलायच्या आधी 'म्हणजे' लावतो. व्हिसाच्या घोळामुळे सहा वर्षांत तो घरी गेलेला नाही. त्याबद्दल तो कधी तक्रार करत नाही. बर्फ पडायचा थांबून नुसता वारा सुटला, की मात्र तो हटकून बाहेर येतो.

परवा सकाळी मी गाडीवरचा बर्फ काढत होतो. तो ड्राइव्हवेवर गुडघे टेकून, फोन अगदी जमिनीजवळ धरून बसला होता. व्हिडिओ कॉलवर त्याची आई होती.

"म्हणजे, हा वरून पडत नाहीये, आई. पडलेलाच बर्फ वारा पळवून राहिला. कण उड्या मारत जातात. एक खाली आपटला की आणखी दोन-चार उडवतो. दिसून राहिले का?"

"दिसले बाप्पा," आई म्हणाली. "आता तुझं तोंड दाखव."

तो उठला. फोन समोर धरून त्याने टोपी काढली, नाकावरचा मफलर खाली ओढला. बर्फाचे कण तोंडावर आपटत होते, तरी तो हसत होता.

"वाळला रे तू," आई म्हणाली.

तिने फोन ठेवेपर्यंत त्याने टोपी घातली नाही.