भोंग्यात कोंबलेलं फडकं

आमच्या गावच्या बँडला मोठा इतिहास आहे, असं हल्ली त्यांच्या गाडीवर रंगवलेलं असतं. तो इतिहास माझ्या सासऱ्यांच्या छातीतून निघाला, हे मात्र कुठे लिहिलेलं नाही. गिरणीतले काही कामगार आणि एक न्हावी, एवढ्यांनी मिळून पोलिसांच्या मोडीत निघालेल्या बँडची वाद्यं आणली. पोचे ठोकून काढले, गळती मेणाने बुजवली. अंगाला अजगरासारखा वेढा घालणारा मोठा भोंगा कुणाला पेलेना, तो सासऱ्यांनी घेतला. तेव्हापासून ते गावाचे भोंगाकाका. ढोल न्हाव्याकडे. "भोंगा आणि ढोल शाबूत, तर बाकीचे कितीही भरकटू देत," असं बाबा, म्हणजे माझे सासरे, म्हणायचे.

दात गेले तसा वारा ओठांतून निसटायला लागला. माणसाने तेव्हा घरी बसावं. पण बँडच्या आताच्या मास्तरने, ज्याला बाबांनीच ट्रम्पेट धरायला शिकवलं, त्याने त्यांना रांगेत ठेवलं. या धंद्यात अशी माणसं ठेवतात. गणवेश घालायचा, गाल फुगवायचे, वाजवायचं नाही. रांग भरलेली दिसते, गिऱ्हाईक खूश. बाबा मात्र सवयीने फुंकायचेच, म्हणून मास्तर भोंग्यात आतपर्यंत फडकं कोंबायचा.

घरी आल्यावर ते काढून नळी धुवायचं काम माझं. थुंकीने भिजलेलं, हिरवट, बुळबुळीत फडकं. वास मेलेल्या उंदराचा. पहिल्यांदा मला मोरीतच ओकारी आली.

"बाबा, सोडा ना हे आता."

"रांगेत उभं राहिलं की बरं वाटतं गं."

लाज कशी वाटत नाही, हे ओठांवर आलेलं मी गिळलं. पण संध्याकाळी देवापुढे हात जोडले तरी बोटांना तोच वास. मला मास्तरची किळस यायची, आणि खोटं कशाला बोलू, बाबांचीही.

मग न्हावी गेला.

"त्याला मी वाजवत पोचवणार," बाबा म्हणाले, "खरंखुरं वाजवत." सकाळपासून ओठांना तूप चोळत बसले होते.

न्हाव्याच्या अंगणात मास्तर नवं फडकं घेऊन पुढे आला. "काका, आज घट्ट बसवतो. मोठी माणसं आलीत."

"आजच्या दिवस राहू दे रे. माझा माणूस गेलाय."

"तुमचा सूर म्हणजे पोट दुखणारी म्हैस! ऐकून गेलेला उठून बसेल."

बँडवाले खी खी हसले. आत न्हाव्याची बायको ऊर बडवत होती आणि हे दात काढत होते. मास्तरने काठीने ढोसून फडकं आत सारलं.

बायकांबरोबर मी ओट्यावरून पाहत होते. प्रेतयात्रा निघाली, कोपऱ्यापर्यंत बाबा गाल फुगवत गेले. तिथे थांबले, कोपरापर्यंत हात भोंग्यात घातला, फडकं ओढून गटारात फेकलं आणि फुंकलं. आवाज भयंकर होता, मास्तर खोटं बोलला नव्हता. ओला, फाटका, बेसूर. क्लॅरिनेटवाला चुकला, कुणीतरी फिसकन हसलं.

मास्तर तरातरा मागे आला. "थोबाड बंद ठेव, म्हाताऱ्या!"

ज्या माणसाने फुंकर कशी मारायची ते शिकवलं, त्याला हे!

बाबांनी पुन्हा एकदा फुंकून पाहिलं. नुसती हवा आली. मग त्यांनी भोंगा अंगातून काढला आणि भर रस्त्यात ठेवला. मागच्या रांगेला वळसा घालून जावं लागलं. बाबा पुढे गेले, न्हाव्याच्या जावयाला "सरक बाबा" म्हणाले आणि खांदा दिला. बँडमध्ये असताना त्यांना तो कधीच कुणाला देता आला नव्हता. हात गुंतलेले असायचे.

संध्याकाळी मास्तर दारात हजर.

"वहिनी, काकांचा गणवेश द्या. उद्या लग्नाचं काम आहे, दुसरा उभा करायचाय."

"दुसरा कोण?"

"कुणीही. मापाचा असला की झालं."

बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते, वळलेही नाहीत. मी खुंटीवरचा गणवेश दोन बोटांत धरून आणला. कॉलरवर घामाचं कीट, छातीवर लाळेचे डाग. मास्तरने नाक मुरडलं.

"धुतला नाहीत?"

"नाही," म्हटलं. "तुमच्या बँडची घाण तुमच्याकडेच असू द्या." आणि दार लावलं.