नानांसाठी निवडलेली नळी

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. बायकोच्या तर नाहीच — मी मासे धरतो हेच तिला कित्येक वर्षं माहीत नव्हतं, मग पुढचं कुठून माहीत असणार? आमचं घर लिंगायताचं. गळ्यात लिंग, बीडच्या बाजारात विजेच्या सामानाचं दुकान, घरात अंडंसुद्धा येत नाही. आणि मी रविवारी सकाळी 'जरा फिरून येतो' म्हणून निघायचो तो थेट पालीच्या धरणावर. परत येताना वास जावा म्हणून हात लिंबानं चोळायचे. पण ते पाप वेगळं, त्याचं मला फारसं काही वाटत नाही. हे दुसरंच आहे. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही नानांना ओळखत नाही.

नाना म्हणजे पालीचे दिगंबरनाना. एस.टी.वर ड्रायव्हर होते, सगळी नोकरी बीड-परळी रस्त्यावर गेली. मला गळ टाकायला त्यांनी शिकवलं. मी पकडलेला मासा त्यांच्याच घरी जायचा — मला तो खायचा नव्हताच, मला नुसतं फेकायचं होतं. नानांच्या सूनबाई म्हणायच्या, असा पाहुणा रोज येवो.

आमच्या धरणाची एक गंमत आहे. पाणी आपल्यापासून लांब लांब जात राहतं. थंडी सरली की ते मागं सरकायला लागतं आणि मधे गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. त्यात पाय घातला तर मांडीपर्यंत रुततो, म्हणजे पुढं जायची सोय नाही. काठावरूनच फेकायचं. ज्याची फेक लांब, त्याला मासा. पाण्यात एका बुडालेल्या बाभळीचं खोड वर आलेलं दिसतं. त्याच्या पलीकडं नदीचं जुनं पात्र, खोल पाणी, तिथं कटला आणि रोहू. खोडाच्या अलीकडं सगळा खेळ चिखलाचा.

नानांचं शिसं, म्हणजे गळाच्या दोरीला बांधलेलं वजन, कायम खोडाच्या पलीकडं पडायचं. कसली तरी जुनी, ठिगळं लावलेली काठी, त्यावर गंजकं रीळ — आणि पलीकडं. माझ्याकडं चांगली रिळं होती, मी रात्रंदिवस व्हिडिओ बघून बघून गळाचे रॉड बांधायला शिकलो होतो, आणि माझं शिसं? कधी खोडापाशी, बहुतेक वेळा अलीकडं. एकदा काठावर चार-सहा जण असताना नाना हसत म्हणाले, "शेठ, दुकानातलं माप हितं चालत न्हाई हो." सगळे हसले. मीही हसलो. एवढंच झालं होतं. यापेक्षा मोठं कारण शोधून ठेवावं असं कितीदा वाटलं, पण दुसरं काही नव्हतंच.

रॉड बांधायचं थोडं सांगावं लागेल, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही. रॉडचा जीव असतो तो त्याच्या ब्लँकमध्ये. ब्लँक म्हणजे कार्बनची नुसती उघडी नळी — मूठ नाही, दोरी ओवायच्या कड्या नाहीत, काही नाही. बाकीचं सगळं आपण वर चढवतो, दोऱ्यानं बांधतो, लुकणानं पक्कं करतो. पण ती नळी आधी निवडायची असते, आणि ती माणूस बघून निवडायची असते. एखादी ताठ असते, समुद्रावर जड शिसं फेकणाऱ्यांसाठी केलेली. पूर्ण ताकद लावली, मागं जड वजन असलं, तरच ती वाकते, आणि वाकली तरच फेकते. दुसरी नरम असते. हलक्या शिशाला, हलक्या झोक्यालासुद्धा ती कमान घेते आणि सोडताना स्वतःच शिसं घेऊन जाते. मी नळीच्या शेंड्याला वजन टांगून बघतो, टेबलावर टेकवून दाबत फिरवतो, कुठल्या अंगानं ती ताठ आहे ते बोटांना कळतं. या कामात मी कच्चा नाही. समुद्र बघायचा तर आम्हाला अख्खी रात्र गाडीत काढावी लागते, तरी कोकणातली मंडळी माझ्याकडून रॉड बांधून घेतात. म्हणजे चूक झाली, लक्षात आलं नाही, असं मला म्हणता येत नाही.

नानांचा उजवा खांदा धरायला लागला. इतकी वर्षं स्टिअरिंग ओढलेलं, व्हायचंच ते. डॉक्टरांनी सांगितलं, हात हलवत राहा, बसवून ठेवलात तर आखडेल. नाना माझ्या दुकानात आले, काउंटरवर चहा घेतला, म्हणाले, "नुसताच हात कामून हलवायचा? गळ टाकतो की. पर जुनी काठी लई जड हाय आता. मला एक बनवून द्या शेठ. मला त्यातलं काय कळतंय — तुमी बघून द्याल तीच."

तुमी बघून द्याल तीच.

दोन नळ्या माळ्यावर होत्या. एक नरम, हलकी — मी माझ्यासाठी मागवलेली, पण हातात घेतल्या घेतल्या वाटलं होतं, ही नानांची आहे. त्या खांद्याला, नाना लावतात त्या बारीक शिशाला अशीच हवी. दुसरी ताठ, समुद्रावरची, एका गिऱ्हाइकानं नाकारलेली. दोन्ही टेबलावर ठेवून मी बराच वेळ बसलो. काय विचार करत होतो? विचार असा काही नव्हताच. हात आपोआप ताठ नळीकडं गेला, असं सांगायला निघालो होतो. हात आपोआप जात नसतो. मी तीच उचलली.

आणि बांधली मात्र अशी की काय सांगू. मुठीला बूच, कड्यांवर लाल दोरा, मधे पिवळी रेघ, खाली बारीक अक्षरात 'नाना'. आजवर इतकं सुबक काम माझ्या हातून झालेलं नाही. ते का झालं असेल, तुम्हीच सांगा.

रविवारी काठावर सगळे जमले. नानांनी नवा रॉड डोक्यामागं नेला, दात आवळले, आणि फेकला. नळी वाकलीच नाही. शिसं गेलं आणि पांढऱ्या दगडाच्या थोडं पुढं, गाळात, पचकन पडलं. गाळात एक पांढरा दगड आहे, खोडाच्या निम्म्या वाटेवर. नानांनी परत फेकलं. तिथंच. परत फेकलं, तोंड वाकडं झालं दुखण्यानं. तिथंच. मग मी ती नरम नळी, जी मी स्वतःसाठी बांधून घेतली होती, ती घेऊन उभा राहिलो आणि माझं शिसं खोडाच्या पलीकडं पडलं. कुणीतरी टाळी वाजवली. मला आनंद झाला. तो झाला, हे मी लपवणार नाही.

नाना रॉडकडं बघत होते. मला वाटलं, आता विचारतील. काठीत काही खोट आहे का, एवढं जरी म्हणाले असते... पण त्यांना माझ्यावर तसली शंका येणं शक्यच नव्हतं. ते आपल्या खांद्याकडं बघून म्हणाले, "हातच गेला की ओ माझा."

आता ऐका. तिथंही वेळ होती. 'नाना, हात नाही, नळी चुकली, ही घ्या माझी' — इतकंच म्हणायचं होतं. रॉड हातातच होता, नुसता पुढं करायचा होता. मी म्हणालो, "वयाचं असतं नाना. चालायचंच."

नळी निवडली ते एक. पण हे वाक्य — हे मी त्यांच्या हातात दिलं आणि ते त्यांनी नळीपेक्षा जपून ठेवलं.

नंतरच्या रविवारी नाना आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी गेलो तर म्हणाले, "आता काय राहिलंय हातात?" मग मोटारसायकल नातवाला दिली. मग दाढी न्हाव्याकडून करून घ्यायला लागले. गेलाच आहे म्हणून हात त्यांनी खाटेवर ठेवून दिला, आणि ठेवलेला हात जसा होतो तसा तो झाला. डॉक्टर सूनबाईंना म्हणाले की, सुरुवातीला हलवत राहिले असते तर बराच सुटला असता. हे सूनबाईंनी मला सांगितलं तेव्हा माझ्या हातात त्यांनीच दिलेला चहा होता. तो मी पूर्ण प्यायलो.

सांगायचं म्हणून मी कितीदा पालीला गेलो. पण नानांनी रॉड दारावर खिळ्याला लावलेला. कुणी आलं की दाखवायचे, "शेठनी सोताच्या हातानं केलाय. काठीत खोट न्हाई, आपल्यातच हाय." मी मान खाली घालायचो, लोकांना तो विनय वाटायचा. त्यांना वाईट वाटेल म्हणून बोललो नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावलं. खोटं आहे. मला ते 'शेठनी सोताच्या हातानं' सोडवत नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात नानांनी डाव्या हातानं रॉड काढून माझ्यापुढं धरला. म्हणाले, "घेऊन जा. चांगल्या हाताच्या माणसाला द्या. हितं धूळ खातोय बिचारा."

घरी यायच्या आधी मी धरणावर थांबलो. काठावर कुणी नव्हतं. पाणी मागं गेलेलं, खोड उघडं, पांढरा दगड उघडा. मी तो रॉड कधी फेकून बघितला नव्हता — कशाला बघणार? नानांचंच बारीक शिसं बांधलेलं होतं अजून. मी धडधाकट खांद्यानं, जीव खाऊन फेकलं. शिसं दगडाच्या अलीकडं पडलं. परत फेकलं. अलीकडंच. संध्याकाळ होईपर्यंत फेकत राहिलो, एकदाही दगड ओलांडला नाही.

म्हणजे त्या रविवारी, त्या नळीनं, दुखऱ्या खांद्यानं, नाना माझ्यापुढंच होते. त्यांचा हात गेलेला नव्हता.

हे कळल्यावर तरी मी पालीला परत वळलो का? रस्ता तोच होता, घर समोर दिसत होतं. मी गाडी बीडकडं घेतली, आणि वाटेत लिंबू घेतलं.

रॉड आता दुकानाच्या माळ्यावर आहे. नाना खाटेवर असतात, उजवा हात पोटावर ठेवून. मी रविवारी जातो धरणावर, नरम नळी घेऊन. माझं शिसं खोडाच्या पलीकडं पडतं.